खाणीच्या गावाचा इतिहास कसा लिहावा

खाणीवर जगलेले गाव पर्यटनाकडे वळले की त्याचा इतिहास फार लवकर आटोपता घेतला जातो. पूर्वी येथे खनिज निघत असे, आता पर्यटक येतात, एवढ्यावर माहिती संपते. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे गाव आहे. लोहखनिजाच्या खाणी, बंदर, यशवंतगड, श्री माऊलीचे देवस्थान आणि द्विभुज गणपती हे सारे तेथे एकाच गावाच्या हद्दीत आहे. अशा गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने खाण आणि पर्यटन यांच्यातील सांधा आधी शोधावा, असे माझे मत आहे, कारण गावकऱ्यांचे खरे आयुष्य त्या सांध्याच्या आसपास घडलेले असते.

हे काम कसे करतात, ते अमेरिकेतील दोन डोंगरी गावांवरून समजते. कोलोराडोतील अ‍ॅस्पेन येथे १८७९ मध्ये चांदीच्या शोधात लोक आले. १८९३ मध्ये सरकारने चांदी खरेदीचा कायदा रद्द केल्यावर भाव कोसळले आणि खाणी बंद पडू लागल्या. बर्फावरील स्कीइंगचा व्यवसाय चालवणारी कंपनी तेथे १९४६ मध्ये उभी राहिली. मधली त्रेपन्न वर्षे माहितीपत्रकात मावत नाहीत, पण गाव सोडून न गेलेल्या थोड्या कुटुंबांनी गुरे पाळून आणि बटाटे पिकवून तो काळ काढला. युटातील पार्क सिटीत तर खाण कंपनीनेच १९६३ मध्ये स्कीइंगचे केंद्र उघडले, आणि काही काळ पर्यटकांना खाणीच्याच रेल्वेने बोगद्यातून आत नेऊन, कामगारांच्या लिफ्टने डोंगरावर सोडले जात असे. पहिल्या गावात सांधा म्हणजे रिकामी वर्षे, दुसऱ्यात तो म्हणजे एक बोगदा. आपल्या गावात तो कोणत्या रूपात आहे, हे लेखनाच्या आरंभीच ठरवावे.

रेडीत तो शोधायला दूर जावे लागत नाही. आज ज्या गणपतीच्या दर्शनासाठी भाविक येतात, ती मूर्ती १९७६ मध्ये खाणीच्याच परिसरात जमिनीतून सापडली. म्हणजे गावाच्या आजच्या ओळखीचा मोठा भाग खाणीने दिलेला आहे. मूर्ती सापडल्याची हकिगत आता भक्तिभावाने सांगितली जाते आणि तिचा तो भाव लेखकाने जपावाच. मात्र त्या जागी तेव्हा कोणते काम चालू होते, जमीन कोणाच्या नावे होती, मंदिराचा खर्च कसा उभा राहिला, हेही त्याच आदराने विचारावे.

कागद शोधताना प्रशासनाच्या सीमा ध्यानात ठेवाव्यात, कारण येथेच नवख्या अभ्यासकाचा सर्वाधिक वेळ जातो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या पत्रव्यवहाराची चौकशी ओरोस या जिल्ह्याच्या मुख्यालयाप्रमाणे रत्नागिरीतही करावी. वेंगुर्ले ब्रिटिश मुलखात होते, शेजारी सावंतवाडी संस्थान होते आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. एकाच कुटुंबाच्या सोयरिकी, जमिनी आणि मजुरी या तिन्ही राज्यांत विखुरलेल्या असू शकतात. म्हणून मुंबईच्या पुराभिलेखागाराबरोबर पणजीचेही दालन पाहण्याची तयारी ठेवावी. १८८० मध्ये निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटिअरवरून खाणीपूर्वीच्या मुलखाची कल्पना येते.

गावातील सर्वांत बोलका कागद म्हणजे फेरफार, अर्थात जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबारा आजची स्थिती सांगतो, तर फेरफारांची साखळी मागे मागे नेत गेल्यास जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशामुळे गेली ते उलगडते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कुळ कायद्याने कसणाऱ्याला मालक मानले त्या दिवसानंतर, कुळांच्या नावे झालेल्या जमिनी, पुढे खाणीच्या भाडेपट्ट्यात गेलेले गट आणि अलीकडे निवासासाठी बिनशेती झालेले गट एकाच नकाशावर तीन रंगांत भरावेत. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मुलांचे जन्मगाव नोंदलेले असते, त्यावरून बाहेरून आलेल्या कामगारांची कुटुंबे कोणत्या वर्षांत वाढली आणि केव्हा कमी झाली, हे दिसते. खाणींसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली असेल, तर तिचे इतिवृत्त अवश्य मिळवावे. त्यात विहिरींचे पाणी, शेतात वाहून येणारी माती आणि रोजगार यांविषयी गावकऱ्यांचे म्हणणे नोंदलेले असते. ते सहज मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो.

मुलाखती कागदांच्या आधी सुरू कराव्यात, कारण कागद थांबतात पण माणसे थांबत नाहीत. वृद्धांना सन विचारू नये. ‘गोवा मोकळा झाला तेव्हा खाणीवर होता का?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला मुलगा केवढा होता?’ असे विचारल्यास १९६१ आणि १९६७ या खुंट्यांवर बाकीच्या आठवणी बिनचूक टांगता येतात. माऊलीची जत्रा आणि पावसाळा हेही असेच आधार आहेत. पावसाळ्यात खाणीचे आणि बंदराचे काम मंदावले की घर कशावर चालत असे, हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा. केवळ चालक, मुकादम आणि कारकून यांच्याशी बोलून थांबू नये. ज्यांच्या हाती खोरे आणि घमेले होते त्या स्त्रियांशी, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला, जाणाऱ्यांशी आणि ज्यांची बागायत खाणीला लागून होती त्यांच्याशीही बोलावे. मालवणीत सांगितलेले मालवणीतच टिपावे. धुळीचा, दम्याचा किंवा मजुरीच्या तंट्याचा विषय निघाल्यास सांगणाऱ्याचे नाव छापण्याची परवानगी वेगळी विचारावी, कारण संबंधित घरे आजही शेजारी नांदत असतात.

जमिनीचे वाचन शेवटी करावे. जुने नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रे सोबत घेऊन खाणीचे खड्डे, टाकाऊ मातीचे ढिगारे, वाहतुकीचे रस्ते आणि जेटी चालून पाहावी. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या काठावर मात्र एकट्याने जाऊ नये, कारण कडेची माती सुटी असते. प्रत्येक जागेचे स्थानिक नाव, पूर्वीचा उपयोग आणि आजचा उपयोग एकत्र लिहावा. एखादा रस्ता डंपरांसाठी झाला आणि आता त्यावरून पर्यटकांच्या गाड्या जात असतील, तर तो सांधा आहे.

मसुदा तयार झाला की छापण्यापूर्वी तो गावात मोठ्याने वाचून दाखवावा. हरकती निघतील; ज्या बाबतीत दोन घरांचे म्हणणे जुळत नाही, तेथे दोन्ही बाजू सांगणाऱ्यांच्या संमतीने नोंदवाव्यात. मुलाखतींच्या ध्वनिफिती, छायाचित्रे आणि उताऱ्यांच्या प्रती यांचा एक संच गावच्या ग्रंथालयात आणि एक तालुक्याच्या ठिकाणी ठेवावा, आणि प्रत्येक पाकिटावर सांगणाऱ्याचे नाव, वाडी व तारीख लिहावी.