न्यूट्रोफिल चालतो कसा? पाथवे पाठ न करता समजून घ्यायची पद्धत

सेल सिग्नलिंगचा पेपर जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या एमेस्सीवाल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, पीआय३ कायनेज, रॅक, रो, रॉक ही पेशीतला निरोप पुढे नेणारी प्रोटीन्स, हे सगळं लक्षात ठेवायचं कसं. पाथवेच्या आकृतीतले बाण पाठ करू नका भो, आधी पेशी बघा.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी रक्तपेशी, बॅक्टेरियाच्या मागे लागलाय अशी डेव्हिड रॉजर्स यांची १९५० च्या दशकातली फिल्म यूट्यूबवर आहे, भुसावळहून अप-डाऊन करत असाल तर गाडीतच बघा. दोन-तीन सेकंदांनी पॉज करायचं, पेशीची कडा वहीत काढायची. चार-पाच चित्रं झाली की कळतं, पुढची बाजू पातळ नि पसरट, सारखी बाहेर येतेय, आणि मागे आखूड शेपूट, ती आवळत येतेय. आता ही प्रोटीन्स या चित्रावरच लिहा.

पुढच्या बाजूला, बॅक्टेरियाचा पेप्टाइड रिसेप्टरला चिकटला की पीआय३ कायनेज (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम) तिथल्याच मेम्ब्रेनमध्ये पिप२ या लिपिडचं पिप३ करतं, त्याने रॅक हा स्विच चालू होतो, रॅक वेव्ह नावाच्या प्रोटीनला उठवतो, वेव्ह एआरपी२/३ या प्रोटीनच्या जुडग्याला, आणि एआरपी२/३ जुन्या ॲक्टिनच्या (पेशीचा सांगाडा बनवणारं प्रोटीन) धाग्यावर साधारण ७० अंशात नवी फांदी लावतो. धागा जेमतेम ७ नॅनोमीटर जाड, पण असे कितीतरी मिळून मेम्ब्रेन ढकलतात. मागे रो-ए हा स्विच आणि तो चालू करतो ते रॉक कायनेज. रॉकमुळे मायोसिन या आवळणाऱ्या प्रोटीनच्या लाइट चेनवरचं फॉस्फेट वाढतं नि शेपूट आवळते. शिप१ या एन्झाइमला विसरू नका, ते पिप३ मोडत राहतं म्हणून पुढची बाजू एकच राहते.

मग वहीतच एकेक बंद करून बघा. रॉकला बंद करणारं वाय-२७६३२ हे औषध दिलं तर? शेपूट सुटत नाही, लांबच लांब ओढली जाते. लॅट्रनक्युलिन दिलं तर ॲक्टिनचे धागेच बनत नाहीत, पेशी जागेवरच.

आणि वॉस्प, वेव्हच्याच कुटुंबातलं प्रोटीन. रॅकसारखाच स्विच असलेला सीडीसी४२ याला चालू करतो, तोही एआरपी२/३ लाच कामाला लावतो. याचा जीन एक्स क्रोमोसोमवर, तो बिघडला की विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम, बहुतेक मुलग्यांनाच. अंगावर एक्झिमा, सारखं इन्फेक्शन, रक्तस्राव, कारण टी-सेलला समोरच्या पेशीला नीट धरता येत नाही आणि प्लेटलेट कमी असतात. हा भाग घाईत उरकू नका, उद्या तुमच्यातलंच कोणी लॅबमध्ये बसेल तेव्हा लहान मुलाच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट कमी आणि आकारानेही बारीक दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.