मांज्यात अडकलेली घार सापडली तर

संक्रांतीच्या आसपास हा प्रसंग कुणावरही येतो, तेव्हा आधी लक्षात ठेवा की घारीच्या चोचीपेक्षा पंजे जास्त घातक, एकदा नख्या रुतल्या की सोडत नाही. जाड टॉवेल मागून अंगावर टाका, डोळे झाकले की ती बऱ्यापैकी शांत होते, मग पंख अंगालगत धरून उचला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पिंजरा नको, जाळीवर आपटून पिसं मोडतात आणि पिसं मोडली की महिनोन्महिने उडता येत नाही.

मांजा ओढून काढू नका प्लीज! पंखात खोल गेलेला असतो, दोन्हीकडून दोरा कापा, बाकीचं डॉक्टर बघतील. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. दूध-पाव तर अजिबात नाही.

लगेच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घार घरी ठेवता येत नाही.

आणि पोरं जमतातच, त्यांना खोक्यात डोकावू देऊ नका पण लांब उभं करून सांगा की ही उंदीर खाते, घाण साफ करते, आणि तो कापलेला नायलॉनचा तुकडा हातात देऊन दाखवा.