मोटर फिरत नाही तेव्हा: तिघांच्या गटासाठी सेलवरची मोटर

सेल, तार, चुंबक आणि दोन सेफ्टी पिना यांची छोटी मोटर बऱ्याच शिक्षकांना माहीत असते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अशी खेळणी असंख्य मुलांपर्यंत पोचवली. गटात काम करणं आणि मनाला आवर घालणं शिकवायला आम्ही हीच मोटर निवडतो, कारण पहिल्या झटक्यात ती सहसा फिरत नाही. मग कुणी चिडतं, कुणी दुसऱ्यावर ढकलतं, कुणी हिरमुसून मागे सरकतं. शिकवायचं असतं ते इथेच.

पाचवी ते सातवीच्या मुलांना शाळेचे सलग दोन तास, म्हणजे ८० मिनिटं द्या. एका तासात मोटर जोडून होते, पण बिघाड शोधायला वेळ उरत नाही आणि शेवटी ताईंनाच हात घालावा लागतो.

प्रत्येक गटाला १.५ व्होल्टचा मोठा, डी साइजचा साधा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा एक सेंटिमीटर रुंद कापलेला पट्टा, एक फेराइट चुंबक, पॉलिश पेपरचा तुकडा आणि २४ गेजची एक मीटर इनॅमलची (वीज अडवणारा लेप दिलेली) तांब्याची तार. तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते. जादा तार जवळ ठेवा, पण दुसरा तुकडा मागणाऱ्या गटाने आधी पहिल्याचं काय बिघडलं ते सांगायचं. चार्जिंगचे लिथियम सेल अजिबात वापरू नका. एवढ्याशा तारेचा रोध फार कमी असतो, त्यामुळे असा सेल धोकादायकरीत्या तापतो.

एकाने कारागीर होऊन वस्तू हाताळायच्या, दुसऱ्याने पायऱ्या वाचून सांगायच्या, तिसऱ्याने काय केलं आणि काय झालं ते वहीत लिहायचं. दर दहा मिनिटांनी टाळी वाजली की कामं बदलायची. टाळीनंतर जुन्या कारागिराने हात पाठीमागे घ्यायचे. हुशार मुलाला हे सगळ्यात जड जातं, म्हणून नियम आधीच सांगून ठेवा.

तारेची दोन्ही टोकं पाच-पाच सेंटिमीटर मोकळी सोडून सेलभोवती आठ वेढे घ्या. वेटोळं काढून टोकं समोरासमोर दोन-दोन वेळा गुंडाळा आणि सरळ बाहेर काढा. एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडा. दुसऱ्या टोकासाठी वेटोळं टेबलाच्या कडेशी उभं धरा, टोक टेबलावर टेकवा आणि फक्त वरची अर्धी बाजू घासा. सेल आडवा ठेवून ट्यूबच्या पट्ट्याने दोन्ही टोकांना पिना बसवा, पिनेचा गोल वेढा वर येऊ द्या. सेलवर मधोमध चुंबक ठेवा, पिनांच्या वेढ्यांत वेटोळ्याची टोकं ओवा आणि बोटाने हलकेच टिचकी मारा. वेटोळं चुंबकापासून तीन ते पाच मिलिमीटर वर हवं.

आता बिघाड. काहीच हालचाल नसेल तर बहुधा टोकावर इनॅमल राहिलेलं असतं किंवा पीन सेलला नीट टेकलेली नसते. वेटोळं झोपाळ्यासारखं मागेपुढे डुलत असेल, तर दुसरं टोकही सगळीकडून खरवडलं गेलंय, किंवा घासताना वेटोळं आडवं धरलं होतं. अर्धी फेरी वीज तुटायला हवी. ती तुटली नाही की आधी पुढे ढकललेलं वेटोळं पुढच्या अर्ध्या फेरीत मागे ओढलं जातं. चुकीच्या अर्ध्या फेरीत तुटली तरी तेच होतं. फिरताना अडखळत असेल तर टोकं एका रेषेत नाहीत. न फिरणारं वेटोळं दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नका. तार आणि सेल तापतात.

हे सगळं तुम्हाला दिसत असतं, तरी मोटरला हात लावू नका. गटाने हात वर केल्यावर तुमचा पहिला प्रश्न असा असावा: "वहीत शेवटचं काय लिहिलंय?" दोष सांगताना कर्ता माणूस नको, वस्तू हवी. "तू नीट घासलं नाहीस" याऐवजी "या टोकावर अजून इनॅमल आहे". एवढ्याने भांडण निम्म्यावर येतं, कारण पुढे काय करायचं ते वाक्यातच असतं.

फळ्यावर पाच शब्द लिहून ठेवा: वैतागलो, चिडलो, हिरमुसलो, घाबरलो, उतावीळ झालो. मुलींनी आपापली रूपं म्हणावीत. तिसाव्या मिनिटाला प्रत्येकाने मनातल्या मनात एक शब्द निवडावा. सांगायची सक्ती करू नका. चिडलेल्या मुलाला दोन मिनिटं दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन येऊ द्या. हिरमुसलेल्याला मात्र एकटं सोडू नका, त्याच्या हातात पॉलिश पेपर द्या. दोघांना एकच "शांत हो" चालत नाही.

ज्यांची मोटर आधी फिरली त्यांना इतर गटांकडे पाठवा, पण हात पाठीमागे आणि फक्त प्रश्न विचारायचे: "कोणतं टोक अर्धं घासलंय?" त्यांच्यासाठी पुढचं काम तयार ठेवा: चुंबक उलटं केलं तर मोटर उलट फिरते का, ते पाहून वहीत लिहायचं.

शेवटच्या दहा मिनिटांत सेल काढून ठेवा, पिना मोजून परत घ्या आणि वेटोळी गटाच्या नावाच्या पाकिटात ठेवा. न फिरलेली वेटोळीसुद्धा ठेवा. पुढच्या तासाची सुरुवात त्यांच्यापासूनच करायची आहे.