गिटारसाठी जुन्या धाटणीचं मॉड्युलेशन पेडल कसं निवडावं

मॉड्युलेशन पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायचा, पायाने चालू-बंद होणारा आणि स्वराला हलतं ठेवणारा डबा. ‘व्हिंटेज’, म्हणजे जुन्या धाटणीचं, हा शिक्का आज कुठल्याही पेडलच्या डब्यावर मारलेला सापडतो. त्यामुळे डबा बघून पेडल घ्यायचं नाही, आत स्वर कशामुळे हलतो ते बघून घ्यायचं. सोलापुरात गणेशोत्सवाच्या मंडपापासून मंगल कार्यालयापर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गिटारिस्टला सत्तर-ऐंशीच्या दशकांतली गाणी रोज वाजवावी लागतात. त्या गाण्यांत गिटारला जी हलती झाक आहे, ती चुकीच्या पेडलवर कितीही नॉब फिरवले तरी येत नाही.

आधी कान लावा

तुमच्या यादीतली तीन गाणी काढा आणि इअरफोन लावून फक्त गिटार ऐका. आवाज लहान-मोठा होत असेल तर तो ट्रेमोलो. सूरच किंचित वर-खाली सरकत असेल तर व्हायब्रेटो. एका गिटारच्या दोन गिटारी झाल्यासारखं वाटलं तर कोरस. स्वराच्या आतून काहीतरी गोल फिरत गेल्यासारखं वाटलं तर बहुधा फेजर, आणि तेच फिरणं धातूसारखं टोकदार, विमान डोक्यावरून गेल्यासारखं ऐकू आलं तर फ्लँजर. तीनपैकी दोन गाण्यांत जे सापडेल ते पेडल आधी घ्यायचं. बाकीची पुढच्या सीझनला.

मग आतली रचना समजून घ्या

इथे घाई करू नका, कारण खरी निवड इथेच होते.

युनि-व्हाइब, थोडक्यात व्हाइब, हे फेजरच्याच जातीचं पण सगळ्यात वेगळं प्रकरण. जपानच्या शिन-एई कंपनीसाठी फुमिओ मिएदा यांनी ते साठच्या दशकाच्या अखेरीस घडवलं. अमेरिकन गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सने 1969 मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवात तेच वापरलं. त्याच्या आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि त्याच्याभोवती प्रकाशाला प्रतिसाद देणारे चार फोटोसेल असतात. तार तापून पेटणारा दिवा झटकन विझत नाही, आणि फोटोसेलही अंधाराला सावकाश जुळवून घेतो. म्हणून त्याचा हेलकावा एकसारखा नसतो. आपल्याकडच्या यंत्रमागाची लय ठोक्याला ठोका पक्की असते. व्हाइबचं अगदी उलट, चढताना एक चाल आणि उतरताना दुसरी. स्वस्त नकलांमध्ये हा हेलकावा दिव्याविना, सरळ गणिताने काढलेला असला की आवाज गुळगुळीत होतो आणि मजा जाते. व्हाइब घ्यायचा असेल तर वेग कमी करून ही असमान चाल ऐकू येते का, एवढंच तपासा.

फेजरमध्ये एमएक्सआर कंपनीचा फेज 90 आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा स्मॉल स्टोन, दोन्ही 1974 च्या आसपासचे. फेज 90 वर एकच नॉब, वेगाचा. सुरुवातीच्या, हाताने लिहिल्यासारखं नाव असलेल्या फेज 90 चा आवाज मऊ आहे. पुढे ठळक छापील नाव आलं तेव्हा सर्किटमध्ये थोडा फीडबॅक (बाहेर पडणारा आवाज पुन्हा आत सोडणं) वाढला आणि आवाज टोकदार झाला. आजच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा दुकानदाराला नुसतं ‘फेज 90 द्या’ म्हणू नका. क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजात कॉर्ड वाजवणाऱ्यांनी मऊ प्रकार घ्यावा, असं माझं ठाम मत. टोकदार प्रकार ओव्हरड्राइव्हवरच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलवरच्या, सोलोला शोभतो. स्मॉल स्टोनवर वेगाच्या नॉबशिवाय ‘कलर’चा एक स्विच आहे, तो चालू केला की फिरणं गडद होतं.

कोरसची गोष्ट बॉस या कंपनीपासून सुरू होते. 1976 चा सीई-1 हे त्या कंपनीचं पहिलं पेडल, घरच्या विजेवर चालणारं आणि चांगलं जाडजूड. 1979 च्या सीई-2 वर दोनच नॉब, रेट (हलण्याचा वेग) आणि डेप्थ (हलण्याची खोली). आत बकेट ब्रिगेड चिप असते. ती स्वर साठवून एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून त्यापुढच्यात असा ढकलत नेते आणि त्यामुळे स्वराला काही मिलीसेकंदांचा उशीर होतो. या प्रवासात वरची धार थोडी झिजते. जुन्या कोरसची ऊब म्हणतात ती बरीचशी यातूनच येते. डिजिटल कोरस वाईट नसतो, पण तो फार स्वच्छ वाटला तर कारण हे आहे.

फ्लँजरबद्दल एवढंच सांगतो की ऑर्केस्ट्रात तो क्वचितच लागतो. पहिलं पेडल म्हणून घेऊ नका.

दुकानात जाताना

पेडलचे पर्याय हाताळून बघायचे तर पुणं गाठणं बरं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दिवस हातात मिळतो. गिटार आणि केबल स्वतःचीच न्या. दुकानातल्या महागड्या ॲम्पवर सगळंच गोड लागतं, म्हणून तुमच्या ॲम्पच्या जवळचा ॲम्प मागा.

सगळे नॉब मध्यावर ठेवा, ई मेजर कॉर्ड एकदा छेडा आणि शेवटपर्यंत विरू द्या. स्वर विरताना मागे खरखर किंवा टिकटिक येते का ते कान देऊन ऐका. चालू स्वरात ती लपते. मग पेडल पायाने चालू-बंद करत तीच कॉर्ड वाजवा. चालू केल्यावर आवाज एकदम दबला तर स्टेजवर तुम्ही ढोलकी आणि कीबोर्डखाली गाडले जाल. शेवटी वेग अगदी कमी करा. चांगलं पेडल कमी वेगातही जिवंत वाटतं. साधारण पेडल नुसतं डगमगतं.

वीज आणि जुनं पेडल

बहुतेक पेडल्सना 9 व्होल्ट डीसी लागतो, मधला खिळा निगेटिव्ह असलेला. तरी पेडलवरचं चिन्ह आणि अडॅप्टरवरचं चिन्ह शेजारी धरून जुळवा, उलटं लावलं तर सर्किट जळू शकतं. अडॅप्टरचे मिलिअँपिअर पेडलला लागतात त्याहून जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. मंडपात जनरेटरवर घूं असा आवाज येतोच; त्या वेळी 9 व्होल्टची बॅटरी घालून बघा. आवाज थांबला तर दोष विजेचा, पेडलचा नाही. काही मिनी पेडल्सना बॅटरीची जागाच नसते, हे घेण्याआधी विचारा.

सेकंडहँड घेताना मागचं झाकण उघडायला सांगा. बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर, नॉब फिरवताना करकर, जॅक हलवला की आवाज जाणं, यातलं काही दिसलं तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. मूळ फेज 90 ला अडॅप्टरचं भोक नव्हतं आणि चालू असल्याचा दिवाही नव्हता. कुणी दोन्ही असलेलं पेडल ‘चौऱ्याहत्तरचं ओरिजिनल’ म्हणून दाखवलं तर त्यात नंतर बदल केलेला आहे.

घरी आणल्यावर

कोरस ओव्हरड्राइव्हनंतर लावा. फेजर आणि व्हाइब मात्र ओव्हरड्राइव्हच्या आधी लावून बघाच. जुन्या रेकॉर्डिंगमधला तो दाट, गिळगिळीत आवाज बरेचदा तसाच मिळतो. सोलापूरच्या कार्यक्रमांत गिटार सरळ मिक्सरला जाते आणि साउंडवाला सगळं मोनो करतो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करतो. काही स्टीरिओ कोरसमध्ये हललेला स्वर एका बाजूला सुलटा आणि दुसरीकडे उलटा पाठवलेला असतो. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की कोरस गायब. म्हणून एकच, मोनो आउटपुट वापरा.

पत्र्याच्या छताच्या हॉलमध्ये आधीच घुमतं, तिथे डेप्थ घरच्यापेक्षा निम्मी ठेवा. होम मैदानासारख्या उघड्या जागेत आवाज पसरून जातो, तिथे डेप्थ वाढवली तरी चालते. साउंडचेकला स्टेजवर उभं राहून ठरवू नका, सहकाऱ्याला कॉर्ड वाजवायला सांगा आणि शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत जाऊन ऐका.