घरावर उपग्रह इंटरनेटची डिश बसवताना लहरींची काळजी कशी घ्यावी

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडातले माड पाडले, तसे मोबाइलचे टॉवरही पाडले. मुंबईतल्या चाकरमान्यांना कित्येक दिवस घरची खबर नव्हती. थेट उपग्रहावरून येणारं इंटरनेट कोकणाला म्हणूनच हवं आहे. पण वाडीत विषय निघाला की शेजारच्या काकू विचारतात, "त्या लहरींनी मोहोर गळायचा नाही ना रे?" प्रश्न रास्त आहे.

आधी आकाशातून येतं किती, ते बघा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी पाठवतात. आपली टीव्हीची छत्रीही जवळपास याच पट्ट्यात चालते. अंगणात उतरेपर्यंत त्यांची ताकद चौरस मीटरला वॅटच्या कोटीव्या भागाहूनही कमी उरते. माणसांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट आहे, आणि भर दुपारचं ऊन हजारेक वॅट ओततं. मोहोर गळतो तो तुडतुड्यांनी, भुरीने, ढगाळ हवेने.

लक्ष ठेवायचं ते आपल्याच डिशवर. टीव्हीची छत्री फक्त घेते, ही मात्र १४ ते १४.५ गिगाहर्ट्‌झवर परत पाठवतेही, आणि ती शक्ती तिच्या तोंडासमोर एकवटलेली असते. म्हणून डिश खळ्यात, पोरांच्या हाताशी ठेवू नका. कौलांवर चढवण्यापेक्षा स्लॅबवर किंवा जांभ्याच्या भक्कम खांबावर, डोक्याच्या वर बसवा. वर आकाश मोकळं हवं. वाऱ्याने हलणारी एक झावळी आड आली तरी जोडणी तुटते. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. तोंडावर झावळी पडली, पाखरांनी घाण केली, तर आधी बटण बंद करा आणि मगच हात लावा.

आता राउटर. अंतर दुप्पट केलं की लहरींची तीव्रता साधारण चौथाई होते, त्यामुळे तो उशाशी न ठेवता ओटीवर किंवा माजघरात उंचावर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरी 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात घातल्या, त्या मर्यादित पुराव्यावर आणि मुख्यतः कानाला लावलेल्या फोनच्या अभ्यासांवरून. मला त्यात घाबरण्यासारखं दिसत नाही, पण तान्ह्या बाळाच्या पाळण्याशेजारी राउटर नको, हे मी आग्रहाने सांगेन.

मोजायचंच असेल तर मीटर घेण्याआधी खोक्यावरचा पल्ला वाचा. बरेच स्वस्त मीटर ८ किंवा १० गिगाहर्ट्‌झपर्यंतच मोजतात. त्यांना या डिशच्या लहरी दिसतच नाहीत, आणि काटा हलतो तो वाय-फायने. मोबाइल टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' संकेतस्थळ बघा.

राहिली वीज. कोकणात मला तीच खरी धास्ती वाटते. खांबाला अर्थिंग करून घ्या. मृगाआधीच्या वळिवात नि परतीच्या पावसात गडगडाट दूर असतानाच प्लग भिंतीतून उपसून ठेवा. कडकडाट डोक्यावर आल्यावर वायरीला हात लावायला जाऊ नका.