पीप साइट: भोक लहान करायची घाई नको

साइट म्हणजे एअर रायफलवरचं नेम धरायचं साधन. ओपन साइटवरून पीप साइटवर आलेलं लेकरू पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट हमखास करतं. मागचं भोक बारीक करतं आणि पुढची, नळीच्या टोकाशी असलेली रिंगही बारीक मागतं. ‘सर, बारीक दिसलं की नेमबी बारीक लागंल ना?’ नाही लागत. परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि संध्याकाळी एका पत्र्याच्या शेडमधल्या दहा मीटर रेंजवर मी लेकरांच्या रायफलींच्या साइट बसवून देतो. हे लिहितोय ते चष्मेवाल्याच्या नजरेतूनच.

शालेय स्पर्धांत एअर रायफलचे ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. ओपन साइटला डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं टार्गेट. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं डोळ्याच्या रचनेतच नाही. पीप साइटमध्ये मागे खाच नाही, डोळ्याजवळ एक छोटं भोक असतं. त्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं. गोल भोकातून बघताना डोळा आपोआप मधोमध येतो, कारण उजेड तिथेच जास्त असतो. म्हणजे तिनातलं एक काम सुटलं. उरलेल्या दोन गोष्टी, पुढची रिंग आणि टार्गेट, भोकामुळे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

स्पष्ट का दिसतात, ते आमच्या दुकानात रोज दिसतं. गिऱ्हाइकाला धूसर दिसतंय ते नंबरमुळे की डोळ्यात दुसरं काही आहे, हे ताडायला आम्ही पिनहोल लावतो. नंबर असेल तर भोकातून अक्षरं उघडी पडतात. त्या पिनहोलचं भोक साधारण 1.2 मिमीचं असतं, आणि बहुतेक नेमबाजांची मागची आयरिस, म्हणजे मागच्या साइटच्या भोकाची चकती, तिचं भोकही 1.1 ते 1.3 मिमीच्या आसपासच असतं. दोन्हीकडे कारण एकच. यापेक्षा भोक मोठं केलं की धूसरपणा परत येतो. 1 मिमीच्या बरंच खाली नेलं की उजेड कमी होतो आणि जो येतो तोही भोकाच्या कडेवर वळून पसरतो, टार्गेटवरच्या काळ्या गोलाची कड पिठूळ दिसते. म्हणून भोक लहान करत गेलं की नेम सुधारत जातो हा समज एका हद्दीपर्यंतच खरा आहे, आणि ती हद्द लवकर येते.

आता साइट निवडायची कशी. आधी पुढची रिंग, मग मागची आयरिस, हा क्रम पाळा. दुकानदार उलटं करतात, कारण आयरिस महाग असते.

रिंगचं गणित सोपं आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचं काळं 30.5 मिमीचं, म्हणजे चारच्या वलयापासून नऊच्या वलयापर्यंत. तुमच्या डोळ्यापासून पुढची रिंग साधारण एक मीटरवर आहे असं धरा. टार्गेट दहापट लांब, म्हणून रिंगच्या जागी ते काळं साधारण 3 मिमीचं दिसणार. रिंग 3.2 ची लावली तर भोवती पांढरं उरतं केसाएवढं. 4.0 ची लावली तर सगळीकडून अर्धा मिमी. लेकरं म्हणतात, ‘इतकं पांढरं? मग त्यात काळं इकडं-तिकडं हलंल की!’ हलतंच, पण ते दिसतं. भोवतीचं पांढरं सगळीकडे सारखं आहे का हे ओळखण्यात डोळा फार तरबेज आहे, पण त्यासाठी पांढरं दिसायला तर हवं! केसाएवढी कड असली की ती कधी दिसते, कधी गायब होते, आणि डोळा मेंदूला चुकीचा निरोप देतो.

परीक्षा अशी घ्या. रायफल उचला, नेम धरा, खटक्याला हात लावू नका. श्वास अर्धा सोडून पाचेक सेकंद फक्त बघा. पांढरी कड एका बाजूने मिटते-उघडते, मिटते-उघडते, असं होत असेल तर रिंग लहान आहे. एक नंबर वर जा. कड सगळीकडून शांत दिसते, काळं तिच्यात थोडं डोलतं पण कडेला टेकत नाही, तर रिंग बरोबर. नव्याने सुरू करणाऱ्याची रायफल जास्त डोलते, त्यामुळे त्याला 4.2, 4.4 पासून सुरुवात करून द्यावी असं माझं मत आहे. हात स्थिर झाला की खाली यावं. मोठ्या स्पर्धा खेळणारे सुद्धा सर्रास चारच्या आसपासची रिंग लावतात. बारीक रिंग म्हणजे हुशारी असं कुणी समजू नये.

रिंग घेताना टनेलचा, म्हणजे रिंग ज्यात बसते त्या पुढच्या नळकांड्याचा, व्यास बघून घ्या. बहुतेक टनेल 18 किंवा 22 मिमीचे असतात, आणि एकाची रिंग दुसऱ्यात बसत नाही. रिंग धातूची घ्यायची की पारदर्शक प्लॅस्टिकची, हा वाद रेंजवर कायम चालू असतो. प्लॅस्टिकमध्ये आडवी पट्टी नसते, दिसायला मोकळं वाटतं. पण आमच्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत धूळ असते, शेडच्या फटीतून येते, आणि शर्टाच्या टोकाने पुसली की प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. धातूच्या रिंगला पुसावंच लागत नाही. मी नव्या लेकरांना धातूचीच देतो.

मागची आयरिस लावायची तर एक-दोन नंबरांच्या स्थिर भोकांपेक्षा फिरवता येणारी बरी, कारण आमच्या शेडमधला उजेड दुपारी एक, संध्याकाळी दुसरा आणि व्होल्टेज उतरलं की तिसरा. स्पर्धेच्या रेंजवर टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड ठेवायचा असतो, आपल्याकडे सरावाला तेवढा मिळेलच असं नाही. आयरिस लावायची रीत: पूर्ण उघडा, रिंगकडे बघत हळूहळू बंद करा. एका टप्प्यावर रिंगची कड कापल्यासारखी स्पष्ट होईल. अजून बंद केलं की पांढरं राखाडी पडेल. राखाडी पडलं की तिथून जरा मागे या, थांबा. स्पर्धेच्या मध्येच ढग आला किंवा दिवे बदलले तर फक्त आयरिस बदला, रिंगला हात लावू नका.

डोळा भोकापासून साधारण 5 ते 8 सेंटीमीटरवर असावा. भोकातून बघताना पुढचा टनेल मधोमध दिसावा आणि त्याच्या बाहेर उजेडाची एक बारीक कड असावी. ही बाहेरची कड सोडून देऊ नका. डोळा जरा वर-खाली झाला की आधी तीच वाकडी होते. आणि साइट डोळ्याकडे आणायची, डोळा साइटकडे न्यायचा नाही. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. समोर भोक नसेल तर साइटखाली उंचीचा ठोकळा घाला किंवा गालपट्टी हलवा. मान वाकवून साइट शोधणारं लेकरू दहा गोळ्यांनंतर वेगळ्याच जागी गाल टेकवतं आणि दोष साइटला देतं.

चष्मा असलेल्यांनी हा भाग नीट वाचा. रोजचा चष्मा समोर बघण्यासाठी असतो. रायफल लावल्यावर मान वळते आणि तुम्ही काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघता. साधा, लहान नंबर असेल तर निभावतं. सिलिंडर नंबर (काचेला ठरावीक कोनात बसवावा लागणारा) असेल, किंवा नंबर मोठा असेल, तर कोपऱ्यातून काळं गोल न दिसता लांबट दिसतं. त्यासाठी नेमबाजीची वेगळी फ्रेम मिळते, तिची काच पाहिजे तशी फिरवून नजरेच्या समोर काटकोनात आणता येते. आणि चाळिशी ओलांडलेल्यांनो, वाचायच्या चष्म्याने नेम धरू नका, टार्गेट पार पुसून जाईल. लांबच्या नंबरात साधारण +0.50 मिळवून बघा. रिंग एक मीटरवर, टार्गेट दहा मीटरवर. अर्ध्या डायॉप्टरने नजर दोन मीटरच्या आसपास ठरते आणि बाकीचं भोक सांभाळून घेतं. नंबर काढायला रिकाम्या हाताने येऊ नका. रेंजवरच ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची फ्रेम) नेऊन, रायफल खांद्याला लावून काढलेला नंबर सगळ्यात खरा.

दुसरा डोळा मिटायचा नाही. मिटला की अर्धा चेहरा आवळतो आणि नेम धरणारा डोळाही थरथरतो. काळ्या पट्टीने झाकलात तर त्या डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते, आणि दोन्ही बाहुल्या जोडीने चालत असल्यामुळे नेमाच्या डोळ्याचीही होते. पांढरी, अर्धपारदर्शक पट्टी लावा. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेली चालते, रुंदी 30 मिमीपेक्षा जास्त नको, कारण स्पर्धेत त्यापेक्षा मोठी चालत नाही.

जुनी साइट विकत घेताय? आपल्याकडे बहुतेक मुलं जुनीच घेतात, कापसाचे पैसे आले की. मग ही तपासणी विकणाऱ्याच्या समोरच करा. आधी साइट बोटांनी धरून आडवी-उभी हलवा. खुळखुळ जाणवली तर परत ठेवा. मग रायफल टेकवून पाच गोळ्यांचा एक ग्रुप घ्या. साइटचा स्क्रू फिरवताना बसणारा एकेक टप्पा म्हणजे क्लिक. साइट वर वीस क्लिक, एक ग्रुप. उजवीकडे वीस, एक ग्रुप. खाली वीस, एक ग्रुप. डावीकडे वीस, शेवटचा ग्रुप. टार्गेटवर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्याच्या भोकातच पडला पाहिजे. चौकोन तिरका आला तर साइट तिरकी बसली आहे, ते दुरुस्त होतं. शेवटचा ग्रुप घरी परत आलाच नाही, तर आतले आटे झिजलेले आहेत. पॉलिश कितीही चकचकीत असो, उठून या.

झिरो करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागी आणताना, एका गोळीवर साइट फिरवू नका, ग्रुपच्या मध्यावर फिरवा. मागची साइट जिकडे सरकते तिकडेच गोळी सरकते. किती, ते काढता येतं: दोन साइटमधलं अंतर 80 सेंटीमीटर असेल आणि मागची साइट 0.1 मिमी सरकली, तर दहा मीटरवर गोळी 1.25 मिमी सरकते. गुणाचं एक वलय 2.5 मिमी रुंद, म्हणजे अर्धा गुण. काही जर्मन साइटवर ‘एच’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गोळी वर लागत असेल तर इकडे फिरवा असा असतो, गोळी वर न्यायला नव्हे. यावरून रेंजवर भांडणं होतात, म्हणून आपल्या साइटचा बाण दोन गोळ्या मारून एकदाच तपासा आणि डबीच्या झाकणावर लिहून ठेवा. जुन्या साइटवर क्लिक घेताना दोन-तीन क्लिक पुढे जाऊन परत या. नेहमी एकाच बाजूने येऊन थांबलं की आट्यांतली ढिलाई आड येत नाही.

नेम धरल्यावर नजर रिंगवर. काळं जरा मऊ दिसलं तरी चालेल. सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या, पापणी मिटा, लांब काहीतरी हिरवं बघा. त्यापुढे डोळा जे दाखवतो ते खरं नसतं, आधीच्या क्षणाचं चित्र तो धरून बसलेला असतो, आणि त्या चित्रात काळं अगदी मधोमध असतं!

दुकानात अधूनमधून कुणीतरी विचारतं, आज्याच्या ठासणीच्या बंदुकीला पीप लावली तर? तत्त्व तेच, पण तीन फरक. धक्का असतो, म्हणून डोळा भोकापासून बराच दूर आणि भोक मोठं. बार उडवणाऱ्या टोपीचे तुकडे व गॅस मागे उडू शकतो, म्हणून डोळ्यावर संरक्षक चष्मा हवाच. आणि ठासणीच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागतो, खेळायची असली तरी. आधी परवाना तपासा, मग भोकाचं बघू.

प्रवासात साइट काढून वेगळ्या डबीत, फोमच्या खाचेत ठेवा. काढण्याआधी रायफलवर साइट जिथे बसते त्या रुळावरची जागा पेन्सिलने आखून ठेवा, म्हणजे परत तिथेच बसेल. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर हलत वरळीच्या रेंजवर किंवा बसने बालेवाडीच्या रेंजवर पोचलात की पहिल्या सराव गोळ्या फक्त झिरो बघण्यासाठी वापरा. दोन-चार क्लिकचा फरक निघतोच. तिथला उजेड घरच्या शेडपेक्षा चांगला असतो, त्यामुळे आयरिस जरा बंद करावी लागेल. रिंग मात्र घरी ठरवलेलीच लावा, शेजारचा कितीही बारीक लावून बसलेला असो.