माणसाचं दिसणं इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

साताऱ्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, आणि दर बॅचला एकच चित्र असतं. पोरं ऑफिसची मेल लिहायला लागतात, फोनवर बोलायला लागतात, पण एखाद्या माणसाचं वर्णन कर म्हणलं की अडतात आणि मग जे बोलतात त्यातल्या चुका ठरलेल्या. कारण मला तरी एकच दिसतं, माणसाकडं नीट बघायचंच नाही, मनातलं मराठी वाक्य घ्यायचं आणि त्यावर इंग्रजी शब्द चिकटवायचे.

सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे हेल्दी. आपल्याकडं 'तब्येत सुधारली की गं' म्हणजे वजन वाढलं, त्यामुळं जाड माणूस लगेच हेल्दी होतो. इंग्रजीत हेल्दी म्हणजे निरोगी, वजनाचा त्यात काही संबंध नाही. माझी एक विद्यार्थिनी पाचगणीच्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागली होती. इंग्लंडहून आलेलं एक जोडपं, त्यांना पुण्याला सोडायला गाडी येणार होती, त्यांनी विचारलं ड्रायव्हर ओळखायचा कसा. हिनं सांगितलं, ही इज व्हेरी हेल्दी, ही हॅज ब्लॅक आईज. आता इंग्रजीत ब्लॅक आय म्हणजे मार लागून काळानिळा पडलेला डोळा! ते दोघं पोर्चमध्ये उभं राहून फिट, कसलेला आणि दोन्ही डोळे सुजलेला गडी शोधत बसले, आणि खरा ड्रायव्हर, पोट सुटलेला, भरघोस मिशीचा, निळ्या शर्टातला, त्यांच्यासमोरच गाडीला टेकून उभा. शेवटी तोच आत येऊन विचारायला लागला, मॅडम पाहुणे कुठायत. पोरगी हुशार आहे, ग्रामर पक्कं आहे, तरी घोळ झाला कारण दोन्ही शब्द मराठीतून जसेच्या तसे उचललेले. तिथं 'अ बिग मॅन विथ अ थिक मुस्टॅश, इन अ ब्लू शर्ट' एवढं पुरलं असतं. आणि काळेभोर डोळे डार्क ब्राउन असं सांगतात, पण आपल्याकडं बहुतेकांचे तसेच असतात, मग ओळखायला त्याचा उपयोग काय? घारे असतील तर मात्र जरूर सांगा, लाइट ब्राउन, ग्रे, जे दिसेल ते.

जाड माणसाला फॅट म्हणू नका, बोचतं. बिग म्हणा, नाहीतर अ बिट ओव्हरवेट. व्यायामानं कमावलेलं शरीर असेल तर वेल-बिल्ट. बारीक माणसाचं पण तसंच, थिन साधा शब्द, स्लिम कौतुकाचा, स्किनी बऱ्याचदा टोचणारा. 'एका दिवसात शंभर शब्द' छाप व्हिडिओत हे तिन्ही शब्द एका ओळीत टाकून पुढं 'बारीक' लिहून मोकळे होतात, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पोरं ती यादी घोकतात आणि मग मैत्रिणीला प्रेमानं स्किनी म्हणून बसतात. घाई करणाऱ्यांना मी सरळ सांगते, आठवड्यात पाचच शब्द घ्या पण कुणाला वापरायचे आणि कुणाला नाही ते कळू दे.

दुसरी चूक प्रश्नातच असते. 'व्हॉट डझ ही लुक लाइक' म्हणजे दिसतो कसा, 'व्हॉट इज ही लाइक' म्हणजे स्वभाव कसा, आणि 'हाऊ इज ही' म्हणजे बरा आहे ना. स्वभाव विचारला की आमची पोरं उंची सांगतात. आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी तर हे घोटून घ्यावं, स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात कार्डवर माणसाचं वर्णन येऊ शकतं, तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं, तिथं प्रश्न चुकीचा समजला तर सावरायला वेळ नसतो.

बाकीच्या पटापट सांगते. डोक्यावरच्या केसांना हेअरच म्हणायचं, हेअर्स नाही. अजिंक्यतारा किल्ला हाय, माणूस टॉल. पिकलेल्या केसांना सहसा ग्रे म्हणतात. फेअर हेअर म्हणजे सोनेरी केस. लग्नाच्या बायोडेटातला वीटिश, म्हणजे गव्हाळ, भारताबाहेर फारसा कुणाला कळत नाही, आणि कुणी विचारलं नसताना रंग सांगायची गरजच काय ते मला आजवर कळलेलं नाही. पन्नाशीतला माणूस म्हणजे इन हिज फिफ्टीज.

'ही इज बियर्ड' वाल्यांसाठी माझी सवय सांगते. पोवई नाक्यावर किंवा एसटी स्टँडवर थांबलं की एक माणूस निवडायचा, टक लावून नाही, सहज बघायचं, आणि मनात तीन वाक्यं करायची, एक इजचं, एक हॅजचं, एक वेअरिंगचं. ही इज शॉर्ट, ही हॅज अ ग्रे बियर्ड, ही इज वेअरिंग अ व्हाइट कॅप. कपड्यांना वेअरिंग, दाढीमिशी आणि केसांना हॅज, उंची-बांध्याला इज, आणि टक्कलालाही इज. शब्द अडला तर तेवढ्या एका शब्दासाठी केंब्रिजची नाहीतर ऑक्सफर्डची डिक्शनरी उघडा, ऑनलाइन फुकट आहेत, अर्थ वाचून बंद करू नका, खालचं उदाहरणाचं वाक्य वाचा आणि उच्चाराचं बटण दाबा. टक्कल पडलेला तो बॉल्ड आणि धीट तो बोल्ड, हे दोन्ही एकामागून एक ऐकाच.